बीटा कॅसेट चालत नाहीये, मदत हवी आहे (तातडीची)

सांजवात: आजीच्या कीर्तनाची बीटा कॅसेट माळ्यावर सापडली. आजी गेली, तिचा आवाज असलेली घरात ही एवढीच वस्तू. काल लग्नाची शूटिंगं करणाऱ्या एकाकडे नेली. मशीनमध्ये बसली, पण चित्र नाही. ‘कोरी आहे’ म्हणून परत दिली. कोरी कशी असेल? रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी समोर बसले होते! रविवारी वर्षश्राद्ध आहे. कोणाकडे चालेल, लवकर सांगा.

जुनाखोका: बीटा म्हणजे बीटामॅक्स ना? आमच्याकडे होता तसला व्हीसीआर. अख्खी चाळ यायची बघायला.

खटपट्या: ताई, कॅसेटचा रंग कुठला? लेबलवर काय छापलंय? गाव कुठलं?

सांजवात: रंगाचा काय संबंध? निळी आहे. बीसीटी-डी९४एल. चिपळूण.

खटपट्या: रंगाचाच तर संबंध आहे. बीटामॅक्स घरगुती, ही ती नव्हे; ही बीटाकॅम, टीव्ही-स्टुडिओवाल्यांची व्हिडिओ कॅसेट. करडी असते ती बीटाकॅम एसपी, अॅनालॉग. निळी म्हणजे डिजिटल बीटाकॅम, सोनीने १९९३ साली आणलेली. दोन्हींची टेप अर्धा इंची, म्हणून एसपीच्या मशीनमध्ये ती बसते, पण वाचता येत नाही. त्या माणसाकडे एसपीचं मशीन असणार. तुमची कॅसेट कोरी नाही. लेबलवरचे ९४ म्हणजे ९४ मिनिटं. जे-३० प्लेअर असलेला स्टुडिओ शोधा. तो फक्त वाजवतो, चुकून पुसलं जायची भीती नाही.

कटपीस: जे-३० कशाला? ए५०० शोधा, स्टुडिओतलं दणकट मशीन. आणि एसडीआयनेच, म्हणजे डिजिटल वायरीनेच, उतरवून घ्या.

खटपट्या: ए५०० रेकॉर्डर आहे. घरची एकुलती एक कॅसेट त्यात घालायची?

कटपीस: कॅसेटवरचं लाल बटण आत दाबलं की रेकॉर्डिंग होत नाही. वीस वर्षं हेच केलंय.

मिरगाचापाऊस: मोठी हार्डडिस्क घ्या, दोन प्रती ठेवा. माझी गेल्या वर्षी उडाली.

जुनाखोका: पिवळ्या-लाल वायरीने लॅपटॉपला जोडलं तर? स्वस्तात होईल.

कटपीस: नको! ती अॅनालॉग वायर. टेपवर दहा बिटचं चित्र आणि आवाजाचे चार ट्रॅक आहेत. कीर्तनात पेटी-तबला वेगळ्या ट्रॅकवर असेल तर तुम्हाला अर्धंच मिळेल. चित्र मूळ आकारात, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं), जसं आहे तसं मागा. डीव्हीडी नको.

सांजवात: आत्ता कॅसेटच्या खिडकीतून नीट पाहिलं. टेपच्या कडेला पांढरं, पिठासारखं काहीतरी आहे.

खटपट्या: थांबा. बुरशी आहे ती, कोकणातल्या दमटपणाची. आता कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, टेप तुटेल आणि मशीनच्या हेडलाही (टेप वाचणाऱ्या भागाला) लागेल. स्वतः पुसूही नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डब्यात उभी ठेवा. टेप साफ करून देणाऱ्याकडेच न्या, मुंबईत नाहीतर पुण्यात विचारा.

सांजवात: पुण्याला भाऊ आहे. कुरिअर करू?

कटपीस: हातानेच न्या.

सांजवात: बरं. रविवारी आजीचा फोटोच लावू. शनिवारच्या एसटीने भाऊ येतोय, परतताना त्याच्याच हातात देते.