रविवारची राइड आणि उरलेला रविवार

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 43 असून मी कोथरूडला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी रक्तातील साखर काठावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे एक हायब्रिड सायकल घेतली आणि औषध म्हणून सुरू केलेल्या गोष्टीचा पाहता पाहता छंद झाला. सुरुवातीला खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर झाले तरी अप्रूप वाटायचे. मग सिंहगडाचा घाट, मग बोपदेव, मग कात्रजमार्गे खंबाटकी असे अंतर वाढत गेले. गेल्या डिसेंबरात 200 किलोमीटरची पहिली बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, हिलाच ब्रेव्हे म्हणतात) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. आता एकाच हंगामात 200, 300, 400 आणि 600 किलोमीटर अशा चारही ब्रेव्हे पूर्ण करून सुपर रॅन्डोनर हा किताब मिळवावा, अशी इच्छा आहे.

अडचण घरातली आहे. पत्नी बँकेत नोकरी करते, मुलगी सातवीत आहे आणि 76 वर्षांचे वडील आमच्याकडेच असतात. मी रविवारी पहाटे साडेचारला उठून पाचला निघतो आणि साडेदहापर्यंत घरी येतो. घरचे उठून त्यांचा चहा-नाश्ता उरकेपर्यंत मी परत आलेलो असतो, त्यामुळे माझ्या हिशेबाने मी कोणाचाच वेळ घेत नाही. पत्नीचे म्हणणे असे की, आठवड्यातला एकुलता एक रविवार सायकल खाऊन टाकते. हा वाद वर्षभर धुमसत होता, पण गेल्या महिन्यात त्याला वेगळेच वळण लागले. मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन रविवारी दुपारी होते आणि मी सकाळी सिंहगड करून तिथे गेलो होतो. ती रंगमंचावर असताना मी दुसऱ्या रांगेत घोरत होतो, असे ती सांगते. डुलकी लागली होती, एवढे मला मान्य आहे. तेव्हापासून ती माझ्याशी सायकलीबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि हे पत्नीच्या रागापेक्षा मला जड जाते.

संसार आणि नोकरी सांभाळून नियमित सायकल चालवणाऱ्यांनी आपापल्या घरी ही घडी कशी बसवली, हे जाणून घ्यायचे आहे. छंद सोडून द्या, हा सल्ला घरी पुरेसा मिळतो.

जुना घाटकरी

मी 61 वर्षांचा आहे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात मी सायकलने पिंपरीच्या कारखान्यात जात असे, आणि निवृत्तीनंतर आता हौसेने सायकल चालवतो. तुमच्यासारखाच हिशेब मीही अनेक वर्षे मांडला आणि तो चुकीचा होता, म्हणून लिहितो.

पाच ते साडेदहा, म्हणजे साडेपाच तास, एवढेच तुम्ही मोजता. प्रत्यक्षात तुमची राइड शनिवारी संध्याकाळी सुरू होते. साखळीला तेल देताना गॅलरीच्या फरशीवर डाग पडतात, बाहेर जेवायला जायचा विषय निघाला की तुम्हाला पहाटे उठायचे असते, आणि पाहुणे आले असले तरी साडेनऊनंतर तुम्ही घड्याळाकडे पाहू लागता. रविवारी परत आल्यावर आंघोळ आणि जेवण होते, मग दुपारी एक ते चार झोप होते, आणि उठल्यावर तुम्ही जे काही असता त्याला घरचे माणूस म्हणत असतील, असे मला वाटत नाही. सायकलीवरचे पाच तास घराने केव्हाच माफ केलेले असतात. भांडण असते ते दुपारच्या झोपेचे. तेव्हा कमी करायची असेल तर ती दुपार आधी कमी करा.

मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली म्हणजे, घरी सांगताना अंतर सांगणे मी बंद केले आणि परतीची वेळ सांगू लागलो. साडेआठला दार उघडीन असे सांगितले असेल तर निम्मा वेळ संपताच, सिंहगडाच्या पायथ्याशी असलो तरी, सायकल वळवायची. पंक्चरसाठी अर्धा तास आधीच राखून ठेवायचा. तो वाचला तर घरी लवकर पोहोचाल आणि त्याचे कौतुकही होईल. हे पाळायला वाटते त्याहून कठीण आहे, कारण गटातल्या राइडमध्ये मोह सायकलीचा नसतोच. सकाळच्या पाच तासांपैकी दीड तास मिसळीच्या टेबलावर जातो, असा माझा अनुभव आहे. (मिसळ सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही, पण तिची नोंद व्यायामाच्या खात्यात करू नये.)

दुसरी गोष्ट म्हणजे, आठवड्यातले दोन दिवस कार्यालयात सायकलने जा. कोथरूडहून हिंजवडी पाषाण-सूस मार्गे पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास पडते, आणि सकाळच्या कोंडीत मोटारीला लागणारा वेळ पाहता सायकलीमुळे फार नुकसान होत नाही. सोमवारी मोटारीने जाताना दोन दिवसांचे कपडे, टॉवेल आणि चपला नेऊन ठेवाव्यात. अशा रीतीने साठेक किलोमीटर कामाच्या दिवसांत, घरच्या वेळेला हात न लावता होतात आणि रविवारची राइड तीन तासांवर आणता येते. संध्याकाळी परतताना अंधार असतो, म्हणून पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आणि परावर्तक जॅकेट वापरावे. रात्रीच्या ब्रेव्हेत हे सर्व सक्तीचे असते, त्यामुळे तुमच्याकडे ते असेल किंवा लवकरच घ्यावे लागेल.

गुडघेदुखीचा वैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः सायकल चालवतो. दुपारच्या झोपेचा मुद्दा वर अचूक मांडला आहे. ती झोप का लागते, तेवढे सांगतो, कारण तिचा बराचसा भाग टाळता येतो.

पहाटे साडेचारला उठायचे आणि शनिवारी अकराला झोपायचे, म्हणजे झोप साडेपाच तासांची होते. हा खड्डा कॉफीने भरत नाही. दुसरे कारण पोटाचे आहे. आपल्याकडे बहुतेक जण चहा आणि दोन बिस्किटांवर घाट चढायला निघतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमांत बऱ्यापैकी खर्ची पडते आणि त्यानंतर शरीर ओढत-ओढत घरी येते. दीड तासाहून मोठ्या राइडमध्ये ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळे आणि थोडी चिक्की किंवा दोन-तीन खजूर, सोबत मीठ, साखर आणि लिंबू घातलेले पाणी. भूक लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून खावे. तुमची साखर काठावर असल्याने खाण्याचे प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळ्या सुरू असतील तर हे विचारणे अधिकच आवश्यक आहे.

तिसरे कारण वेगाचे. आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी घाटात शर्यत लावली, तर शरीर दुपारी हिशेब मागणारच. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्याच जोराने बहुतांश अंतर कापावे आणि दमछाक करणारी चढाई आठवड्यातून एकदाच करावी. कामाच्या दिवसांतल्या दोन छोट्या राइड यासाठीही महत्त्वाच्या आहेत, कारण शरीराला सवय राहिली की रविवारचा धक्का बसत नाही.

एक गोष्ट अप्रिय वाटेल, पण लिहितो. प्रौढांना आरोग्यासाठी आठवड्याला मध्यम श्रमांची 150 ते 300 मिनिटे पुरेशी असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. त्यापुढचे सर्व काही हौस आहे आणि हौस असण्यात गैर काहीच नाही. परंतु घरी प्रत्येक वेळी साखरेचे कारण पुढे करू नका. माझ्याकडे येणारे अनेक जण बायकोला डॉक्टरांचे नाव सांगतात आणि डॉक्टरांना ब्रेव्हेची तारीख.

नाशिककरीण

मूळ प्रश्नातील एका वाक्यावर मी अडखळले. घरचे उठून नाश्ता उरकेपर्यंत मी परत येतो, असे तुम्ही लिहिले आहे. वडील 76 वर्षांचे आहेत, म्हणजे ते साडेपाचला नक्कीच उठत असणार. त्यांचा चहा कोण करते, त्यांच्या गोळ्या कोण देते, आणि ते न्हाणीघरात गेल्यावर कानोसा कोण घेत असते? तुम्ही बाहेर असता तेव्हा घर झोपलेले नसते, फक्त तुम्हाला ते दिसत नाही. रविवारी पहाटे तुम्ही निश्चिंतपणे निघू शकता, कारण तुमच्या पत्नी निघू शकत नाहीत.

मी 39 वर्षांची असून नाशिकला शिक्षिका आहे. 2015 साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर ज्यांच्या डोक्यात सायकल शिरली, त्यांपैकी मी एक. माझी नेहमीची राइड त्र्यंबकेश्वरची, जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटरची. पहाटे साडेचारला त्या रस्त्याने एकटीने निघणे मला जमत नाही, त्यामुळे आम्ही तिघी जणी उजाडल्यावर सहाला निघतो. म्हणजे मी परत येते तेव्हा घरातली सकाळ संपलेली असते आणि कोणाच्याही नकळत जाऊन येण्याची सोय मला कधीच नव्हती. आता वाटते, ते बरेच झाले, कारण बोलून ठरवण्यावाचून आम्हाला गत्यंतर उरले नाही.

आमच्याकडे एक रविवार माझा असतो आणि पुढचा यजमानांचा. माझ्या रविवारी मुलांचे आणि सासूबाईंचे सगळे दुपारी बारापर्यंत तेच पाहतात. भाजी काय करायची, हे फोन करून विचारायचे नाही, हीसुद्धा अट आहे. त्यांच्या रविवारी ते काय करतात, हे मी विचारत नाही. सायकल त्यांना आवडत नाही. ते बहुधा मित्राच्या दुकानात कॅरम खेळतात. तुमच्या पत्नीला आठवड्यातून सलग पाच तास स्वतःसाठी शेवटचे कधी मिळाले, हे आधी त्यांना विचारून पाहा. त्या वेळेचे काय करायचे ते त्यांचे त्या ठरवतील. त्यांनाही सायकल घेऊन द्यावी, असा उपाय मात्र कृपया काढू नका.

सुपर रॅन्डोनरविषयी थोडेसे. चारही ब्रेव्हेंच्या मुदती साडेतेरा, 20, 27 आणि 40 तास अशा आहेत, त्यांची बेरीज शंभर तासांहून थोडी अधिक होते. तिच्यात सराव धरलेला नाही, प्रवास धरलेला नाही आणि 600 किलोमीटरनंतरचा तो सोमवारही धरलेला नाही. ब्रेव्हे हिवाळ्यात सोयीच्या वाटतात, पण लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलने नेमकी तेव्हाच असतात. ब्रेव्हेंचे वेळापत्रक बरेच आधी जाहीर होते. ते आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवून, मुलीच्याच हाताने भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून घ्या. जिथे दोन्ही खुणा एका चौकटीत पडतील, तिथे सायकलीची खोडायची.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहिणे योग्य वाटले नाही.

वडिलांच्या चहाबद्दलचा प्रश्न वाचून मी पत्नीला तोच विचारला. ते सव्वापाचला उठतात आणि त्यांच्यासाठी ती साडेपाचला उठते, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हते. सध्या असे ठरले आहे की, महिन्यातले दोन रविवार मी साडेआठपर्यंत परत येईन आणि उरलेल्या दोन रविवारी सायकल भिंतीलाच राहील. त्यांपैकी पहिल्या रविवारी पत्नी सकाळी सातला घराबाहेर पडली आणि एकला परतली. कुठे गेली होती, ते मी विचारले नाही. वडिलांच्या चहात साखर जास्त झाली होती, एवढेच माझ्या कानावर आले.

मंगळवार आणि गुरुवार सायकलने कार्यालयात जातो. पहिल्या मंगळवारी पँट घरीच राहिली आणि दिवसभर सायकलच्या चड्डीवर बैठका केल्या, पण आता तेही अंगवळणी पडले आहे. तासाला एक केळे खाण्याचा परिणाम मला खरोखरच आश्चर्यकारक वाटला; गेल्या रविवारी दुपारी मी झोपलो नाही.

सुपर रॅन्डोनर या हंगामात नाही. फक्त 300 ची एक ब्रेव्हे करावी म्हणतो. ती तारीख घरी सांगितली तेव्हा मुलीने बऱ्याच दिवसांनी सायकलीबद्दल तोंड उघडले आणि त्या दिवशी तिची काही परीक्षा आहे का, ते पाहून सांगते म्हणाली. अजून सांगितलेले नाही.

जुना घाटकरी

ती सांगेपर्यंत प्रवेश शुल्क भरू नका. आणि पँट एक जादा नेऊन ठेवा, पावसाळा जवळ आला आहे.