खुनी फुटण्यापेक्षा हशाची भीती जास्त

वर कोणीतरी लिहिलंय की खुनी कोण ते पहिल्याच प्रयोगात फुटतं, मग पुढच्याला कोण येणार, म्हणून हौशी मंडळांनी विनोदी मर्डर मिस्ट्रीच्या नादी लागू नये. नाही पटलं बुवा. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं रहस्यनाटक 'द माउसट्रॅप' 1952 पासून चालू आहे (कोविडमध्ये बंद होतं तेवढं सोडा), शेवटी प्रेक्षकांना नुसती विनंती करतात की खुनी बाहेर सांगू नका. आणि इंदुरात आपल्याला दुसरा प्रयोग मिळतोच कुठे, गणपतीत एक झाला की संपलं!

खरी भानगड हशाची आहे. आमच्या रंगीत तालमीला घरचीच मंडळी बसवली होती, नाटकात काकूंचं वाक्य होतं "दिवाणखान्याची किल्ली तर सकाळपासून माझ्या कनवटीला आहे", सगळं रहस्य त्यावर उभं, पण आधीच्या वाक्याला लोक इतके हसले की किल्ली कोणाला ऐकूच आली नाही आणि उलगडा झाला तेव्हा एकमेकांना विचारतायत, कुठली किल्ली? मग प्रयोगात काकूंच्या कमरेला मोठा पितळी जुडगा लटकवला, तो खळखळवत त्या पहिल्या अंकभर फिरल्या, पार मागच्या रांगेतल्या आजोबांनाही दिसला. तेव्हा क्लू पंचच्या, म्हणजे हशा पिकवणाऱ्या वाक्याच्या, लगेच मागे ठेवू नका, जमलं तर दाखवाच. हां, आणि प्रेत सोफ्यामागे पाडा, नुसते पाय दिसू देत, कारण अशा नाटकात सगळ्यात आधी हसू फुटतं ते प्रेतालाच.