मदत हवी आहे: ट्रॉलरच्या बॅटऱ्या तीन वर्षांत बदलायच्या का?

हर्णैची ट्रॉलर, स्टार्टर म्हणजे सेल्फ २४ व्होल्टचा. १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, पाणी घालायच्या, तीन वर्षांच्या. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत केबल जोडलेल्याच राहिल्या. आता सेल्फ रखडतो. फुल चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर एक १२.६ दाखवते, दुसरी १२.२. फक्त दुसरी बदलली तर चालेल?

बंदरकर: वायरलेस आणि जीपीएस १२ व्होल्टचे असतील. त्यांच्या वायरी कुठून घेतल्यात ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी एकाच बॅटरीवरून घेतलेल्या असतात. ती रोज जास्त उतरते, पण चार्जिंग दोघींना एकत्रच मिळतं, म्हणून ती कधीच पुरती भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेट बसतं.

मग हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजायची काचेची नळी) प्रत्येक सेल तपासा. भरलेल्या सेलला १.२४० ते १.२६० यायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० खाली असेल तर बॅटरी गेली. सहाही सारखेच खाली असतील तर १०-१२ अँपिअरने सावकाश चार्ज करून पुन्हा मोजा, वाचू शकते. मोजण्याआधी पाणी घालू नका. ते वरच राहतं आणि रीडिंग फसवं येतं.

सेल्फवाला: दोष केबलचाही असू शकतो. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बॅटरीच्या थेट शिशाच्या खुंटीवर धरायचा, क्लॅम्पवर नाही. ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर. दोन्ही १० च्या वर राहूनही सेल्फ रखडत असेल तर निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉक मोजा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची (निगेटिव्हची) केबल खाऱ्या हवेने खाल्लीय. लगजवळचं (केबलच्या टोकाच्या कडीजवळचं) रबर सोलून बघा, तांबं आत हिरवं-काळं झालेलं असतं.

धागाकर्ता: वायरलेस-जीपीएसच्या दोन्ही वायरी १२.२ वाल्या बॅटरीवरूनच आहेत. तिचे पाच सेल १.२२०, एक १.१००.

बंदरकर: मग ती गेलीच. पण बदला दोन्ही. नव्या-जुन्या जोडीत चार्जिंगचे २८ व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत. एक उकळून पाणी उडवते, दुसरी उपाशी राहते. एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या घ्या आणि बनवल्याचा महिना बघा. चांगली निघालेली जुनी दिव्यांना वापरा, पण वेगळी. वायरलेस-जीपीएसला दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, नाहीतर नवी जोडीही अशीच जाईल.

इंजिनाच्या उष्णतेत स्टार्टिंग बॅटरीला तीन-चार वर्षं म्हणजे ठीकच. इन्व्हर्टरची ट्युब्युलर (नळीच्या प्लेटांची) बॅटरी जास्त टिकते म्हणून कुणी सुचवेल. सेल्फसाठी ती नको, एकदम लागणारा करंट देत नाही.

सेल्फवाला: काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. चार्ज करताना इंजिनरूमचं झाकण उघडं आणि विडी लांब, हायड्रोजन साठतो. पुढच्या बंदीत केबल सोडून बॅटऱ्या घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. १२.४ च्या खाली पडून राहू देऊ नका.