रेडिओवर टाकलेली गोधडी (अनुभव लिहा)

तळ्याकाठची
नौपाड्यातलं माहेरचं घर रिकामं करतोय, इमारत पाडणार आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचं रेडिओचं लायसन सापडलं. पासबुकासारखी पुस्तिका, आत टपालखात्याची तिकिटं आणि त्यावर गोल शिक्के. घरात बसून रेडिओ ऐकायला दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे हे माझ्या मुलीला पटेचना. आई म्हणाली, एका वर्षी भरायचे राहिले होते. तपासनीस आळीत शिरलाय कळल्यावर तिने रेडिओवर गोधडी टाकली आणि गोधडीला टेकून मला निजवलं. मी सहा महिन्यांची. बाळ झोपलंय बघून तो दारातूनच गेला.

खूप हसलो. संध्याकाळी घोडबंदरला घरी आले तर वॉचमनच्या टेबलावर माझ्या नावाची पिशवी. बाबांचे मित्र, आमचे भाऊकाका, वय ८१, कळव्याहून दोन रिक्षा बदलून आले होते. सोसायटीने नुकतंच गेटचं ॲप घेतलंय. पाहुण्याने नंबर द्यायचा, फोटो काढू द्यायचा, मग आमच्या फोनवर विचारणा येते. माझा फोन माहेरी, धुळीत, सायलेंटवर. काका फोटोला नको म्हणाले. वॉचमनला तरी काय बोलणार, न विचारता सोडलं तर त्याचा पगार कापतात. काका पिशवी ठेवून परत गेले. आत आमसुलं आणि वहीचं पान : "तुझ्याकडे यायला आधी अर्ज करावा लागतो हे ठाऊक नव्हतं. आमसुलांना एकदा ऊन दाखव."

काका आणीबाणीत आठ महिने आत होते. फोटोला का नको म्हणालात, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.

म्हणून हा धागा. सरकार, कंपनी, सोसायटी, कोणीही चालेल. कुठे नाही म्हणालात, कुठे म्हणता आलं नाही, कुठे गुपचूप गोधडी टाकलीत?

बिनघंटीची_सायकल
सायकलचा बिल्ला विसरलात. पत्र्याचा, हँडलला तारेने बांधायचा. तलावपाळीला तपासणीवाला उभा असायचा, बिल्ला नसला की चाकातली हवा काढायचा. आम्ही दोघा भावांत एक बिल्ला. धाकटा पुढे जाऊन चिंतामणी चौकात थांबायचा आणि बिल्ला दुसऱ्याच्या हातून परत पाठवायचा. शिस्तबद्ध गुन्हेगारी.

नुसती_वाचते
आमसुलं कळव्यात कुठे मिळाली चांगली? मला बाजारात सगळी मिठाने भरलेली मिळतात

गावठाण_घणसोली
तुम्ही शहरवाले आता जागे झालात. आमच्याकडे १९७० पासून हेच चाललंय. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. भाव त्यांनी ठरवला, कागद त्यांनी लिहिला, आमच्या आज्याने अंगठा दिला. काय लिहिलंय ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे आमचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. तीही कागदावर मिळणं वेगळं आणि हातात मिळणं वेगळं.

आता आजीचा अंगठा. रेशनला जातो, मशीनवर बोट उमटत नाही. आयुष्य कोळंबी सोलण्यात गेलं, रेषा राहिल्यात कुठे? दुकानदार चांगला आहे, तो सांगतो बोट केसांना घास, तेल लागलं की येतं. आजी घासते, पदराला पुसते, परत ठेवते. मशीन नाही म्हणतं. मागे रांग. आजी मशीनला विचारते, "मग मी कोन हाय रं?"

आज्याचा अंगठा लगेच उमटला. आजीचा उमटत नाही. जमीन घेताना उमटतो, तांदूळ देताना नाही, असं का ते कोणी शिकलेल्याने सांगा.

तळ्याकाठची
@गावठाण_घणसोली काय बोलू. आजींना नमस्कार सांगा.

डबल_शिफ्ट
शिकलेला आहे, उत्तर नाही :( पण बोट उमटलं नाही तर ओटीपी किंवा डोळ्याचा पर्याय असतो, तो मागून घ्या. आजीच्या आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते आधी बघा.

माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा. मी महापेला एका कंपनीत होतो, दुकानांच्या पॉइंट कार्डांचा डेटा आमच्याकडे यायचा. लोकांना वाटतं नाव-पत्ता महत्त्वाचा. तसं नसतं, फोन नंबर महत्त्वाचा. नंबर म्हणजे दोरा, बाकी सगळे मणी. औषधं, कपडे, लहान मुलांचे डायपर, सगळं त्यात ओवत जातं. एका नंबरावर दर महिन्याला ठरावीक दिवशी होणारी खरेदी दोन महिने दिसली नाही, तिसऱ्या महिन्यात त्या नंबरला बाळाच्या वस्तूंच्या ऑफर गेल्या. आपोआप, कोणी मुद्दाम केलं नाही. तिने घरी सांगितलं होतं की नव्हतं, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. कोणी विचारलंही नाही. त्या दिवसापासून मी काउंटरला आमचा बंद पडलेला लँडलाईन सांगतो.

२०२३ च्या मे महिन्यात ग्राहक मंत्रालयाने दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. एवढं म्हणून बघा, निम्म्या ठिकाणी चालतं.

कोरस
उरलेल्या निम्म्या ठिकाणी "सिस्टीम पुढे जातच नाही मॅडम". मी एकदा दहा वेळा नऊ टाकायला लावले. गेली की पुढे.

डबल_शिफ्ट
हाहा, दहा वेळा नऊ ही आमची सर्वात निष्ठावान ग्राहक होती. रोज चारशे ठिकाणी खरेदी.

वाशी_सतरा
सगळे एकाच सुरात गाताय म्हणून लिहितो. आईची चेन ओढली, सकाळी सातला, बागेसमोर. कॅमेऱ्यात बाईकचा नंबर आला, दीड महिन्यात माणूस सापडला, चेनही अर्धी मिळाली. त्या कॅमेऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडेही गेट ॲप आहे. आई एकटी असते, मला ऑफिसातून कळतं कोण आलं. भाऊकाकांचं वाईट वाटलं, पण आधी एक फोन करून आले असते तर?

तळ्याकाठची
@वाशी_सतरा काका ४० वर्षं न कळवता येतात. हीच त्यांची पद्धत. आणि हेच सुख होतं.

एकटी_खारघर
कॅमेरा चोर पकडतो, खरं आहे. पण तो बघतो कोण? मी भाड्याने राहते. भाडेकरूंचा फॉर्म पोलिसांकडे भरला, त्याला ना नाही. सोसायटीला वेगळा फॉर्म, त्यात गावाकडच्या दोन माणसांचे नंबर. मग एक दिवस कमिटीच्या ग्रुपवर लिफ्टमधला फोटो. मी, आणि माझा भाऊ. खाली "रात्री ११.४०, फ्लॅट अमुक". प्रश्न नाही, काही नाही, नुसता फोटो. दुसऱ्या दिवशी मी भावाच्या जन्मदाखल्याची प्रत सोसायटीच्या फळ्यावर लावली आणि चार दिवस काढू दिली नाही. आता वाटतं, का लावली मी? भाऊ नसता तर?

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ ला सांगितलंय, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आमच्या सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणतात, "अहो, काळजीपोटीच करतो आम्ही."

कोरस
@एकटी_खारघर फळ्यावर!! दंडवत घे बाई

नुसती_वाचते
काळजीपोटी या शब्दाची मला आता काळजी वाटायला लागलीय

पाचपाखाडी_१९५८
आणीबाणीत मी दहावीच्या आसपास. वडील प्राथमिक शिक्षक, ठाण्याजवळच्या एका शाळेत. १९७६ ला शिक्षकांना "केसेस" आणायला सांगितलं होतं. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. ठरलेल्या आणल्या नाहीत तर पगार थांबेल असं तोंडी, लेखी काही नाही. वडील रविवारी धोतर नेसून वीटभट्ट्यांवर जायचे. संध्याकाळी घरी आले की न बोलता हातपाय धुवायचे, बराच वेळ. एकदा आईने विचारलं, मिळाला का कोणी? म्हणाले, "एक तयार होता. त्याला मूलच नाहीये अजून. त्याला फक्त पैसे हवे होते. मी नाही आणला." त्या महिन्याचा पगार खरंच उशिरा झाला. आम्ही पंधरा दिवस पिठलं खाल्लं.

त्याच वर्षी आपल्या विधिमंडळात तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर झालं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. आणि १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष असताना आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करा म्हणाल्या होत्या, समोर केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण बसलेले. वडील ती गोष्ट सांगताना आवाज खाली करायचे. आणीबाणी उठून दहा वर्षं झाल्यावरसुद्धा.

भाऊकाकांना विचारा, पण फोटोचं विचारू नका. जेवण काय मिळायचं ते विचारा. त्यावर बोलतात.

तळ्याकाठची
@पाचपाखाडी_१९५८ काका, हे वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवला. विचारते.

वसई_वरून
२०१२ ला मी पालघरला नोकरीला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का ठेवायची असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. आमच्या ऑफिसात त्या दुपारी सगळे आपापले जुने लाइक काढत बसले होते, शेजारच्याला न दिसेल असा स्क्रीन वळवून. मीसुद्धा. माझं एक लाइक वडापावला होतं, तेही काढलं. पुढे २०१५ ला आयटी कायद्यातलं ते ६६ अ कलमच सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. सवय मात्र गेली नाही, अजून दोनदा वाचल्याशिवाय अंगठा दाबत नाही.

कोरस
वडापावने काय बिघडवलं होतं हो

वसई_वरून
दुकानाच्या नावात "शिव" होतं. त्या दिवशी काही सांगता येत नव्हतं.

घोडबंदर_ग्रस्त
तळ्याकाठची, काका कळव्याहून घोडबंदरला दोन रिक्षांत पोचले? मला गायमुखहून माजिवड्याला यायला परवा पावणेदोन तास. त्यांचा मार्ग द्या.

माझी_दुपार
घाईत लिहिते, कुकर लावलाय. आमच्या ॲपमध्ये कामवाल्या मावशींना स्टार द्यायची सोय आहे. मी कधी दिले नाहीत, पण वरच्या मजल्यावरचे देतात. परवा मावशी आल्या, लादी न पुसता नुसत्या उभ्या. वॉचमनने त्यांना फोनवर दाखवलं होतं. म्हणाल्या, "ताई, साडेतीन म्हणजे पास ना?"

मी पाच दिले. मग लक्षात आलं की पाच देऊन मीही त्यातच शिरले. कोणाच्या घरी किती वाजता शिरल्या, किती वाजता निघाल्या, सगळं आहे त्यात. त्यांना विचारलं कोणी? त्यांनी मला स्टार द्यायचे ठरवले तर माझं काय होईल देव जाणे. उरलेली पोळी देते, एखादा स्टार कापतील.

शिट्टी झाली, येते

गावठाण_घणसोली
@माझी_दुपार मावशींना सांगा, आमची आजी नापास आहे, साडेतीन लई झाले

एक_डोस_कमी
२०२१, १५ ऑगस्ट. दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा पास. माझा एकच झालेला, ताप आला म्हणून डॉक्टरांनी पुढे ढकललेला. सव्वा महिना ठाण्याहून भांडुपला शेअर रिक्षा बदलत. लस वाईट म्हणत नाही, घेतलीच नंतर. पण फाटकाच्या आत एक देश आणि बाहेर एक, असं वाटायचं.

वाशी_सतरा
मान्य. माझ्या आईचा पण एक किस्सा आहे पण तो परत लिहितो, बॉस आला.

(मला ते लँडलाईनचं सुचलं नव्हतं, आजपासून सुरू)

तळ्याकाठची
अपडेट. भाऊकाकांना फोन केला. रागावले नव्हतेच, म्हणे वॉचमन पोरगा भला होता, पाणी दिलं, खुर्ची दिली. रविवारी बोलावलंय. सेक्रेटरी म्हणाले आधी पाहुण्याची नोंद करून ठेवा, फोटो मागणार नाहीत. नवरा म्हणाला नोंद-बिंद काही नको, मी खाली जाऊन हात धरून वर घेऊन येतो. गेटवर काय होतं बघू.

बिनघंटीची_सायकल
गोधडी घेऊन जा बरोबर.

नुसती_वाचते
आमसुलांचं कोणी सांगितलंच नाही

तळ्याकाठची
@नुसती_वाचते काकांच्या पुतणीकडची, देवगडहून येतात. रविवारी तुझ्यासाठी पाव किलो सांगू का? ऊन दाखवलं, मस्त झालीत.