पुळणीवरून लांब गळ टाकताना शिसे साठ मीटरच्या पुढे जात नाही

हिडकलकाठचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी हुक्केरी तालुक्यातला असून लहानपणापासून हिडकल धरणाच्या पाण्यावर गळ टाकत आलो आहे. तिथे कटला-रोहूसाठी हलकी काठी आणि वीस-पंचवीस मीटरची फेक पुरते. गेल्या हिवाळ्यापासून मात्र आम्ही काही मित्र आंबोली घाट उतरून शिरोड्याच्या पुळणीवर जाऊ लागलो आहोत, आणि समुद्रासमोर माझी सगळी सवय अपुरी पडते आहे.

माझ्याकडे १२ फुटी रॉड आहे, ज्यावर ८० ते १५० ग्रॅम वजन फेकता येते असे लिहिलेले आहे. रीळ ६००० आकाराचे, साधे स्पिनिंग प्रकारचे आहे. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.३५ मिलिमीटर जाडीचा असून शिसे १०० ग्रॅमचे वापरतो. पूर्ण जोर लावूनही शिसे पन्नास-साठ मीटरवरच पडते. दोन वेळा फेकतानाच तंगूस तुटून शिसे कुठे गेले ते कळलेही नाही, एकदा तर्जनी खोलवर कापली आणि आमिष बहुतेक वेळा हवेतच निसटते. शंभर मीटर गाठायचे असेल तर काय बदलावे? काही जण वेणीचा बारीक धागा घ्यायला सांगतात, तर काही जण शिसे झोक्यासारखे झुलवून फेकायला शिक म्हणतात. जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

शहापूरकर

दादा, लांबीचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी तुटलेल्या तंगुसाबद्दल बोलू, कारण तुटून सुटलेले १०० ग्रॅमचे शिसे समोरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस सरासरी सहा-सात किलोचा ताण सहन करतो आणि जोरदार फेकीच्या क्षणी येणारा झटका त्याहून बराच अधिक असतो. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधावाच लागतो. शिशाच्या दर २८ ग्रॅमला सुमारे साडेचार किलो ताकद, असा त्याचा जुना हिशेब आहे. म्हणजे तुमच्या १०० ग्रॅमला सोळा किलोचा आणि १५० ग्रॅमला चोवीस किलोचा लीडर हवा. शिसे फेकीच्या तयारीत लटकत असताना लीडरचे पाच-सहा वेढे स्पूलवर, म्हणजे रिळातल्या तंगूस गुंडाळायच्या चकरीवर, राहिले पाहिजेत. १२ फुटी रॉडला त्यासाठी आठ मीटर लांबी लागते. गाठ बारीक बांधा आणि ती स्पूलच्या मागच्या कडेला बसेल असे पाहा, म्हणजे सुटताना ती बोटाला लागणार नाही.

बोट कापण्याचे कारण मला ढिल्या ड्रॅगमध्ये, म्हणजे स्पूल आवळून धरणाऱ्या रिळाच्या पकडीत, दिसते. फेकताना रिळाचा ड्रॅग पूर्ण आवळलेला नसेल तर स्पूल फिरतो आणि ताणलेला तंगूस बोटावरून करवतीसारखा सरकतो. फेकीपूर्वी ड्रॅग घट्ट करा, शिसे पाण्यात पडल्यावर सैल करा, आणि तर्जनीवर चामड्याची टोपी घाला. स्पूलही तपासा. तंगूस कडेच्या दीड-दोन मिलिमीटर खालीपर्यंत भरलेला नसेल तर तो कडेला घासत बाहेर पडतो आणि त्यात कित्येक मीटर वाया जातात.

आता प्रत्यक्ष फेकीकडे येतो. आपल्याकडे जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकताना ज्यांनी गोफण फिरवली आहे, त्यांना हे लवकर उमगेल. गोफण मारणारा नुसत्या दंडाच्या बळावर दगड फेकत नाही. दगड आरंभापासून ताणात ठेवून त्याचा वेग तो वाढवत नेतो आणि नेमक्या क्षणी टोक सोडतो. रॉडचेही तसेच आहे. तुम्ही पूर्ण जोर लावतो म्हणता तेव्हा बहुधा सुरुवातीलाच हिसका बसत असावा. त्यामुळे रॉड अर्धवट वाकून लगेच सरळ होतो आणि उरलेला जोर हवेत जातो.

तुम्ही शिसे वाळूवर ठेवून फेकायला शिका. डावा खांदा आणि डावा पाय समुद्राकडे, अंगाचा भार उजव्या पायावर. टोकापासून दीड-दोन मीटर तंगूस सोडून शिसे पाठीमागे वाळूवर ठेवावे, रॉडचे टोक त्याच्या दिशेने खाली न्यावे आणि तंगूस ताणून घ्यावा. नजर समुद्रावर न ठेवता वर, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मधोमध ठेवावी, कारण नजर खाली राहिली की शिसेही खालूनच जाते. मग भाला फेकताना ओढतो तसा रॉड सावकाश ओढत कंबर वळवावी आणि भार डाव्या पायावर आणावा. अगदी शेवटी उजव्या हाताने वर ढकलावे आणि त्याच क्षणी डाव्या हाताने रॉडचे बूड छातीखाली बरगड्यांपाशी खेचावे. नवशिक्यांचा डावा हात नुसता धरून राहतो, खरी लांबी मात्र या खेचण्यात असते. शिसे फार उंच गेले तर तंगूस धरलेले बोट लवकर सुटले आणि समोरच्या लाटेत आपटले तर उशिरा सुटले, असे समजावे. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर हिशेबाने अंतर एकवीस टक्क्यांनी वाढते. हवेचा अडथळा त्यातले काही खातो, तरीही ताकदीपेक्षा लय सुधारण्याचा लाभ मोठाच आहे.

हे सगळे शिकण्यासाठी घाट उतरण्याची गरज नाही. भाताची कापणी झालेली, अजून मसूर न पेरलेली मोकळी खाचरे आपल्या भागात असतात. मालकाला विचारून, समोर दोनशे मीटरपर्यंत माणूस-जनावर नाही याची खात्री करून, गळ न लावता नुसते शिसे फेका. जमिनीवर अंतर पावलांनी मोजता येते, जे समुद्रावर कधीच जमत नाही. निम्म्या जोराने सलग वीस फेकी सरळ रेषेत पडेपर्यंत जोर वाढवू नका.

काळीकाठ, कारवार

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आमिषापुरते सांगतो. तारलीसारखे मऊ आमिष झटक्यात फाटते, त्यामुळे बारीक रबरी धाग्याने ते गळाला गुंडाळून घ्यावे, किंवा माकुळाची पट्टी वापरावी. शिशाच्या वर एक लहान आकडा बसवून गळ त्यात अडकवला तर आमिष शिशाच्या आडोशाने जाते आणि पाण्यावर आपटताच सुटते. आमिष लोंबकळत फडफडत गेले तर हवेतला अडथळा वाढतो आणि दहा-पंधरा मीटर सहज कमी होतात.

मात्र शंभर मीटर नेमके कशासाठी हवेत, हेही ठरवा. लाट जिथे फुटते तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि जिथे न फुटता पाणी काळसर दिसते तिथे खोलगट चर असते. मासा चरायला त्या चरीत येतो. मुडदुशे तर कित्येकदा किनाऱ्यापासून तीस मीटरवर मिळतात आणि आपले शिसे त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा रविवार निवडा. त्या दिवसांत पहाटे पाच-सहाच्या सुमारास ओहोटी पुरी होते, म्हणून उघड्या पडलेल्या चरी पाहून ठेवता येतात, आणि मग अकरा-बारापर्यंत चढत्या पाण्यात गळ टाकता येतो. हिवाळ्यात सकाळी मतलई वाराही पाठीमागून साथ देतो.

झुलवून फेकण्याची पद्धत सर्वांत लांब जाते, हे खरे आहे. फेकीच्या स्पर्धांमध्ये त्या जातीच्या फेकी अडीचशे मीटरच्या पुढे गेलेल्या आहेत. पण त्यात शिसे फेकणाऱ्याच्या डोक्याभोवती मोठे वळण घेते. गर्दीच्या किनाऱ्यावर ती करूच नये आणि साधी फेक पक्की होण्याआधी शिकूही नये. वेणीचा धागा बारीक असल्याने दूर जातो, परंतु तो वाळू-शिंपल्यांवर घासून लवकर झिजतो आणि बोट अधिक खोल कापतो. या हंगामात तरी तंगूसच ठेवा.

हिडकलकाठचा

दोघांचेही मनापासून आभार. चार रविवार शेतात सराव केला. सोळा किलोचा लीडर बांधल्यापासून एकदाही तुटले नाही. सुरुवातीला ७० पावले भरत होती, आता १२० भरतात, म्हणजे माझ्या पावलाने नव्वद मीटर. डाव्या हाताने खेचायचे कळले त्या दिवशीच वीस पावलांचा फरक पडला. गेल्या आठवड्यात शिरोड्याला ओहोटीत चर पाहून ठेवली होती, चाळीस मीटरवर चार मुडदुशे मिळाले. एकच अडचण राहिली आहे. अकरानंतर वारा समोरून सुटला की शिसे वर चढून थांबल्यासारखे होते आणि तंगुसाला मोठा फुगा येतो. तेव्हा काय करावे?

शहापूरकर

समोरून वारा असताना फेक खालून ठेवा. एरवी चाळीस अंशांच्या आसपास सोडत असाल तर तेव्हा तीस अंशांवर सोडा, आणि १०० ऐवजी १२५ ग्रॅमचे, पुढचे टोक जड असलेले लांबट शिसे लावा. त्यासाठी लीडर मात्र वीस किलोचा करावा लागेल. शिसे पाण्याला टेकायच्या क्षणी स्पूलवर बोट अलगद ठेवले की फुगा तिथेच थांबतो, आणि मग रॉडचे टोक खाली करून सैल तंगूस लगेच गुंडाळून घ्यायचा.