जर्मनीचं कर्ज आणि १९५३चा करार

'मार्शल योजनेच्या (दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप सावरायला अमेरिकेने दिलेल्या मदतीच्या) डॉलरवर जर्मनी उभी राहिली' असं नेहमी म्हटलं जातं. अर्धंच खरं. त्या योजनेत ब्रिटन आणि फ्रान्सला पश्चिम जर्मनीपेक्षा जास्त पैसे मिळाले होते. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते लंडनमध्ये. २७ फेब्रुवारी १९५३ला तिथे जर्मनीच्या जुन्या परकीय कर्जाचा करार झाला. साधारण ३० अब्ज मार्कांचं कर्ज जवळपास निम्म्यावर आणलं, उरलेल्याला लांब मुदत दिली. त्यातली खुबी अशी, की हप्ते निर्यातीच्या कमाईतून फिटावेत हे गृहीत होतं. म्हणजे पैसे परत हवे असतील तर जर्मन माल विकत घ्या! पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ साली १३२ अब्ज सुवर्णमार्कांची नुकसानभरपाई लादताना अशी सोय ठेवली नव्हती. सही करणाऱ्यांत ग्रीसही होता, हे २०१५मध्ये स्वतःच्या कर्जात सवलत मागताना ग्रीकांनी जर्मनीला वारंवार ऐकवलं. त्यांचं काय चुकलं?

आता मार्शलच्या पैशाबद्दल. जर्मन गिरणीवाला अमेरिकन कापूस घ्यायचा, पण किंमत मार्कांत भरायचा. ते मार्क एका वेगळ्या निधीत जमा होत आणि १९४८साली स्थापन झालेली केएफडब्ल्यू ही सरकारी बँक त्यातून वीज, कोळसा, घरबांधणीला कर्ज देई. कर्ज फिटलं की तोच पैसा पुन्हा दुसऱ्याला. तो निधी आजही चालू आहे.

आणि हो, लंडनच्या करारात जुन्या कर्जावरच्या व्याजाची काही थकबाकी 'दोन्ही जर्मनींचं एकीकरण झाल्यावर बघू' म्हणून बाजूला ठेवली होती. तिचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१०ला गेला.