'टाइड एड'ला मराठीत काय म्हणावं?

विकास-मदतीवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात 'टाइड एड' (tied aid) वारंवार येतं. 'सशर्त मदत' चालेल का?

— नको. शर्त कसलीही असते: निवडणुका घ्या, अनुदानं कापा, हिशेब दाखवा. तिथे 'सशर्त' चपखल बसतं. 'टाइड'मधली गाठ खरेदीची असते. पैसा आमचा, म्हणून यंत्रं आणि कंत्राटदारही आमच्याच देशाचे. मी 'खरेदीबद्ध मदत' लिहितो. जरा जड आहे, पण अर्थ निसटत नाही.

— 'बांधील मदत' का नको?

— कारण ते वाचून देणाऱ्याने शब्द दिलाय असं वाटतं. इथे तर घेणाराच अडकलेला असतो!

— मग पेरगाऊ धरण कशात घालायचं? मलेशियातल्या या धरणाला ब्रिटनने २३ कोटी ४० लाख पौंड कबूल केले. आधी शस्त्रविक्रीच्या बोलण्यात या मदतीची सांगड घातली गेली होती. प्रकल्प परवडणारा नाही, असं मदत खात्याच्या अधिकाऱ्यांनीच बजावलं होतं. १९९४ साली न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली.

— त्याला मी 'सौद्याची मदत' म्हणेन. कोशात मिळणार नाही, पण वाचकाला कळेल.

— आणि 'शॉर्ट टेदर'? १९६५-६७ मध्ये अमेरिका भारताला पीएल-४८० चा (म्हणजे तिच्या अन्नमदत कायद्याखालचा) गहू थोडा थोडा सोडायची. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना भारताच्या शेती धोरणात बदल हवे होते, आणि व्हिएतनाम युद्धावरची भारताची टीकाही त्यांना झोंबत होती.

— 'आखूड दावं'! याहून नेमका शब्द इंग्रजीतही नसेल. गुराला चरू द्यायचं, पण किती ते खुंटीवाल्याने ठरवायचं.

— एक भर. 'मदत' म्हटलं की फुकट वाटतं, पण 'अधिकृत विकास साहाय्य' या सरकारी मदतीच्या हिशेबात सवलतीची कर्जंही धरतात. (साहाय्य, सहाय्य नव्हे.) लष्करी मदत मात्र त्यात मोजत नाहीत. तिच्यासाठी मराठीत 'कुमक' आहेच.

— पण एकच सरकार एकाच देशाला धरणही देतं आणि रणगाडेही. हिशेबाची वही वेगळी, एवढंच.

— म्हणून तर शब्दही वेगळे हवेत, नाहीतर वाचक दोन्ही एकाच खात्यात मांडेल.

— बरं, 'खरेदीबद्ध' आणि 'आखूड दावं' घेतो. 'सौद्याची मदत' संपादक ठेवतील का, शंकाच आहे.